डोळे मिटायची भीती

"डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढंच बघा," रत्नमालाताई म्हणाल्या, आणि तुरुंगाच्या हॉलमधल्या कैद्यांनी डोळे मिटले. धोंडिबानं मिटले नाहीत. त्याच्या अगदी मागं अप्पाराव बसला होता.

दोघं फुलंब्रीकडच्या एकाच गावचे. मेंढरं चारण्यावरून शिवारात भांडण झालं, एक माणूस जिवानिशी गेला आणि दोघंही आत आले. कुऱ्हाड चालवली अप्पारावानं. धोंडिबा घाबरून पळाला होता. आपण कोर्टात खरं सांगणार, असं त्यानं वकिलाला सांगितलं, आणि ते कसं कोण जाणे अप्पारावाच्या कानावर गेलं. सकाळी नळावर तो जवळ येऊन हळूच म्हणाला होता, "ध्यानाला येतो ना? डोळं मीट मंग. बघू."

ध्यानाला जाऊ नये, तर बराक रिकामी. तिथं एकटं राहायची भीती त्याहून मोठी. म्हणून तो आला.

मागं सतरंजी सरकली. धोंडिबाला मान वळवायचा धीर होईना. दारातला शिपाई बाहेर बघत उभा होता.

रत्नमालाताई ध्यान शिकवायला उस्मानपुऱ्याहून दर आठवड्याला यायच्या. त्या उठून त्याच्याजवळ आल्या.

"दादा, काय होतंय?"

"काय नाय, ताई."

पण त्याची नजर मागं गेली. ताईंनी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. अप्पारावाचे डोळेही उघडेच होते. धोंडिबाला पुढं सरकायला सांगून त्यांनी आपलं आसन दोघांच्या मधे टाकलं आणि अप्पारावाकडं पाठ करून बसल्या.

"तुमचे उघडेच राहू द्या," त्या धोंडिबाला म्हणाल्या. आवाज शांत होता, पण मांडीवरचे हात थरथरत होते.

ते हात पाहून धोंडिबाला राहवेना. आपल्यापायी या बाईला काही झालं तर? तो धडपडत उठला.

"शिपाईसाहेब! या अप्पारावापासून माझ्या जिवाला धोका हाय. सकाळीच धमकी दिली त्यानं. माझी बराक बदला."

हॉलमधले सगळे डोळे उघडले.

"झडती घ्या की," अप्पाराव हसून म्हणाला. झडतीत काहीच सापडलं नाही. तरी संध्याकाळी धोंडिबाला दुसऱ्या बराकीत हलवलं.

तारखेला त्यानं पाहिलं ते न्यायाधीशांना सांगितलं. मधेच पाणी मागावं लागलं. वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. पण परत येताना त्याला बायको आठवली. बानाबाई गावात एकटी होती, आणि अप्पारावाचे भाऊही तिथंच.

तुरुंगातल्या फोनवरून तो तिला म्हणाला, "शेंद्र्याला तुझ्या भावाकडं जाय. आजच."

"अन् मेंढरं?"

"राहू दे मेंढरं!"

बानाबाई म्हणाली, "नाय. घेऊनच निघते."

फोन ठेवल्यावरही धोंडिबा तिथंच उभा राहिला. बानाबाई पोचल्याचा निरोप येईपर्यंत त्याला झोप लागली नाही.