गप्प बसलेला फ्रिज

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये धाकटीने एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, पण कोणाचं एक अक्षरही तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही. तेव्हा रीतच होती. लाइन जोडली की हेडफोन खाली ठेवायचा, बोलणं झालं की तार उपटायची. तार उपटली की विषय संपला.

आता ती आणि तिची थोरली बहीण दोघीच राहत होत्या. थोरली अलीकडे विसरायला लागली होती. जेवून हात धुतले की पुन्हा फ्रिज उघडून उभी. "काय घ्यायला आले गं मी?" हे तिच्या मुलाला कळलं तर तो तिला वृद्धाश्रमात ठेवणार होता. तसं त्याने बोलूनही दाखवलं होतं. म्हणून धाकटी फोनवर त्याला रोज सांगायची, "तुझी आई ठणठणीत आहे."

त्याने काळजीपोटी घरात सेन्सर बसवायला माणूस पाठवला. काय किती वेळा उघडलं ते टिपणाऱ्या काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या दारावर, नळावर, फ्रिजवर लागल्या.

"हे कोणाकोणाला सांगणार?" धाकटीने विचारलं.

"घाबरू नका आजी, नाव कुठेच जात नाही. फक्त नंबर. तुमचं घर चारशे सोळा."

"अरे बाबा, आमच्याकडेही नंबरच होते. दोनशे नऊ नंबरवाला रोज दुपारी सत्तर नंबरला फोन लावायचा. त्यांचं जमलंय हे घरच्यांच्या आधी आम्हाला कळलं, एक शब्द न ऐकता!"

"तुम्ही आमच्या कंपनीत हव्या होत्या," तो हसला.

पुढच्या आठवड्यात एका दिवशी थोरलीने तेवीस वेळा फ्रिज उघडला. धाकटीने सुरीने फ्रिजवरची डबी खरवडून काढली आणि शिवणाच्या डब्यात टाकली. तिच्या लेखी तार उपटली गेली. तीन दिवस ती निवांत होती.

चौथ्या दिवशी सकाळी भाचा दारात उभा. सोबत कंपनीची नर्स.

"मावशी, तीन दिवस फ्रिज उघडला नाही म्हणून मेसेज आला! वाटलं, दोघी पडल्यात की काय..." "मग मागच्या नोंदीही उघडून बघितल्या. तेवीस वेळा फ्रिज? नळ तासभर चालू? मला का नाही सांगितलंस?"

"डबी आत्ता परत लावते."

"त्याने काय होणार? माहिती पुढे गेलीय," नर्स म्हणाली. "डॉक्टरांकडे, विमा कंपनीकडे. संमती आहे ना."

तिने फोनवर कागद दाखवला. खाली थोरलीची सही होती. वळणदार, एकही अक्षर न चुकलेली. कशावर केली ते थोरलीच्या त्या दिवशी संध्याकाळपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नसेल.

"सोमवारी वृद्धाश्रमात जागा मिळतेय, मावशी," भाचा खाली बघत म्हणाला. "आईला एकटीलाच."

तेवढ्यात थोरली केस विंचरत बाहेर आली. नर्सचे पांढरे कपडे बघून तिने हळूच विचारलं, "काय गं, कोण आजारी आहे?"

धाकटी थोरलीचे कपडे बांधायला कपाटाकडे वळली.