किळस

सुनेने टब कलता करून कोपरापर्यंत हात आत घातला, तशी सासूने मान फिरवली. डोळ्यांपुरतं ते जमायचं, कानांचं काय करणार? हजारो अळ्या एकमेकींवरून सरकताना होणारा तो ओला, चुरचुरता आवाज तिला हल्ली जेवतानाही ऐकू यायचा.

"आई, तुम्ही घरात बसा. पाहुण्यांना यायला वेळ आहे अजून."

"बसते. पण हात धुतल्याशिवाय पिण्याच्या पाण्याला शिवू नकोस."

"नाही शिवत."

जमिनीचा तुकडा लहान. नुसत्या पिकावर घर चालेना, म्हणून मुलाने आधी कोंबड्या आणल्या, मग शेताच्या खोलगट कोपऱ्यात तळं करून मासे सोडले. त्यांचं खाद्य विकत आणणं परवडेनासं झालं, तेव्हा हे अळ्यांचं खूळ निघालं. मुलगा बाजारातला सडका भाजीपाला आणि खानावळींतलं उष्टं टेम्पोत भरून आणायचा. त्यावर अळ्या पोसायच्या. अळ्या कोंबड्यांना नि माशांना, मागे राहिलेला चोथा शेताला. काही वाया जात नव्हतं, हे सासूला कळत होतं. पण घशाखाली उतरत नव्हतं. तिने अंडी खाणं सोडलं होतं. आणि ही पोरगी मात्र त्या वळवळीत हात घालून, पीठ मळल्यासारखी शांत. देवाने हिला घडवताना किळस घालायची राहून गेली असावी, असं सासूला वाटायचं.

पाहुणे आले ते आसपासच्या गावांतले, असेच तुकडेवाले. खाद्याच्या कारखान्याला एकट्यादुकट्याचा माल नको होता. आठदहा घरांनी मिळून अळ्या पोसल्या, तर तो गाडी पाठवायला तयार होता. आज ही माणसं हो म्हणाली तर पुढचं सगळं, नाहीतर ही अळ्यांची शेड आपल्यापुरतीच.

मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून बोलत होता. बोलणं त्याला चांगलं जमायचं. लोक नाकाला रुमाल लावून ऐकत होते. त्यांतल्या एका जाडजूड बाईने विचारलं, "रोजचं हे कोण करतं?"

"आम्ही दोघं. बायको आज माहेरी गेलीय."

शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या सासूने मुलाकडे पाहिलं. आत्ताच तर सून बादली घेऊन शेडमागे गेली होती. हात बरबटलेले, केसांना, कपड्यांना तो वास. लोकांसमोर ती नको होती तर. वास तिने घ्यायचा आणि शर्ट याने मिरवायचा. अळ्यांकडे बघून कधी आला नव्हता असा कडू आवंढा सासूच्या घशाशी आला. हा आपल्या पोटचा, या विचाराने तिला कसंतरीच झालं.

"आजी, तुम्हाला किळस नाही येत?" बाईने विचारलं. "आमच्या घरात तर याला कोणी हातसुद्धा लावणार नाही."

"मला येते," सासू म्हणाली. "जिला येत नाही, तिलाच बोलावते. थांबा."

"आई..." मुलगा म्हणाला. ती थांबली नाही.

शेडमागे सून भिंतीला एक हात टेकून वाकली होती. बादली बाजूला ठेवलेली. पोटातलं सगळं पडून गेलं होतं, तरी उमासे थांबत नव्हते. सासूची चाहूल लागताच तिने घाईने पायाने माती लोटली.

"काय गं? दिवस गेलेत की काय?"

सुनेने नकारार्थी मान हलवली. "रोजचंच आहे. टब झाले की होतं."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासून. यांना माहीत आहे. हे म्हणाले होते, मी करतो. पण मग टेम्पो कोण नेणार?" तिने दंडाने तोंड पुसलं. "आज माहेरी गेलीय म्हणून सांगा, हे मीच म्हटलं होतं. माझं तोंड बघून कोण तयार होईल, आई?"

सासूने बादली जवळ ओढली. आत स्वच्छ पाणी होतं. तिने ओंजळ भरून सुनेच्या तोंडापुढे धरली, चूळ भरून झाल्यावर पुन्हा भरली, आणि मग परत फिरली.

शेडमध्ये सगळे दाराकडेच बघत होते. मुलाचा चेहरा उतरला होता.

"नाही ती घरात," सासू म्हणाली. "सकाळीच गेली माहेरी. माझ्या डोक्यात राहत नाही आताशा."

"बघा, तीही कंटाळून पळाली," मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. जाडजूड बाईने पिशवी खांद्याला लावली.

सासूने बाही वर सारली. मुलगा पुढे झाला, तसं तिने त्याला कोपराने बाजूला केलं आणि सगळ्यांत जवळच्या टबात हात घातला.

अळ्या गरम होत्या. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटाभोवतीच्या सुरकुत्यांतून त्या वर सरकू लागल्या. तिने दात आवळून मळमळीने तोंडात जमलेलं पाणी गिळलं.

"काही नसतं हो यात," ती बाईला म्हणाली. "हात घालून तर बघा."

आणि बाई बाही सारते की नाही, हे कळेपर्यंत तिने हात बाहेर काढला नाही.