सरस्वतीबाईचं गाणं

मी एक कॅसेट बोलतेय. जरा सावकाश बोलते, माझी फीत आता सैल पडली आहे.

माझ्यात एकच गाणं आहे, शिरूर कासारच्या सरस्वतीबाईनं रचलेलं. उसाच्या फडात पाचटावर लेकरू निजलंय, त्याला ऊन लागू नये म्हणून आई सूर्यालाच दटावते, असं ते गाणं. तिला लिहिता येत नाही. मोळ्या बांधता बांधता कडवी जुळत गेली. तिच्या नवऱ्यानं, त्रिंबकनं, ऊसतोड्यांच्या तळावर कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि गाणं माझ्यात भरलं. मध्येच बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. शेवटी त्रिंबक म्हणाला, "सरे, लई भारी!" तेही माझ्यात राहिलं.

त्रिंबक गेल्यावर ती मला लावायची, ती गाण्यापेक्षा त्या तीन शब्दांसाठी.

पुढं घरचा टेप बिघडला तेव्हा मोबाइलच्या दुकानातल्या अजिनाथनं गाणं कॉम्प्युटरवर घेतलं आणि तिला फोनमध्ये भरून दिलं. त्याला ते इतकं आवडलं की येईल त्याच्या मेमरी कार्डात तो ते भरू लागला. कुणाचं गाणं हे त्यानं कुठंच लिहिलं नाही. गावात सगळ्यांना ठाऊकच होतं. पूर्वी माझी नक्कल काढायची तर गाणं संपेपर्यंत बसावं लागे. आता ते हां हां म्हणता गावाबाहेर गेलं.

मागच्या वर्षी नात दिपालीनं आजीला गाताना टिपून इंटरनेटवर टाकलं. लगेच ते काढलं गेलं. गाणं म्हणे एका कंपनीच्या मालकीचं! कंपनीनं तेच गाणं वाद्यं घालून आधीच बाजारात आणलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक'.

"आज्जे, तू गाणं चोरलंस म्हणतेत."

"कुणाचं गं?"

"तुझंच!"

म्हातारी आधी खूप हसली. मग भाकरी थापायला बसली. थापता थापता म्हणाली, "मंग आता मी ते म्हणायचं न्हाई का?"

अजिनाथच त्यांना बीडला वनमालाताई वकिलांकडं घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "मावशे, मी चांगल्यासाठीच भरलं व्हतं."

"तुला कोण काय म्हनलं का? चल गप."

वनमालाताईंनी समजावलं, "ज्यानं रचलं, कायद्यानं गाणं त्याचं. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. आपलं नाव लावून घ्यायचाही हक्क आहे. पण इंटरनेटवर आधी यंत्र निकाल देतं, माणूस मागून बघतो. गाणं तुमचंच, हे दाखवायला काही आहे?"

मला पिशवीतून बाहेर काढलं. वनमालाताईंकडच्या जुन्या टेपवर आधी मी वाजले, मग फोनवर कंपनीचं गाणं. त्यात ढोलकी होती, बाजा होता. पण वाद्यं जरा थांबली तिथं तीच घुंगरं वाजली. आणि शेवटी, अगदी बारीक, "सरे..." पुढचं कापलेलं.

सरस्वतीबाईनं पदर तोंडाला लावला. "आमच्या मानसाचा आवाज हाय ह्यो. त्यालाबी नेलं व्हय त्यांनी?"

वनमालाताईंनी कंपनीला उत्तर धाडलं. काही आठवड्यांनी कंपनीनं दावा मागं घेतला, दिपालीचा व्हिडिओ परत आला. पण बिननावाच्या नकला किती फोनांत पोचल्या, त्या गोळा करणं वनमालाताईंच्याही हातात नव्हतं.

"आज्जे, परत एकदा म्हण," दिपाली फोन धरून म्हणाली. "पर आधी नाव सांग."

म्हातारी लाजली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. मुकादमाकडं ही जोडी जन्मभर 'त्रिंबकचा कोयता' होती. तिचं नाव तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"सांग की गं!"

तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला. "मी सरस्वतीबाई. ह्ये गानं म्या रचलंय." आणि ती गाऊ लागली.

मी आता तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत असते. मला फार वाजवू नका, मी तुटेन. ते गाणं तुमच्या फोनवर आलं तर ऐका, आवडलं तर पुढं पाठवा, खुशाल पाठवा. फक्त तिचं नाव मागं ठेवू नका.