रॉकेटच्या वाटेतलं वळण

कंपनीत सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, आणि त्याला कारण होती त्यांची सख्खी नणंद. ती येईपर्यंत त्या चारचौघींसारख्या 'मॅडम' होत्या. रॉकेट सोडायच्या जागेचा आराखडा त्यांच्याकडे होता. समुद्रालगत एक लांबलचक खडकाळ माळ कंपनीने घेतला होता आणि त्यावर काय कुठे बांधायचं ते वहिनींनी ठरवायचं होतं. पहिला आराखडा त्यांनी मोठ्या हौसेने काढला. नीट लावलेलं स्वयंपाकघर असावं तसा, एका जागी उभं राहिलं की सगळं हाताशी. रॉकेटची जुळणी करायची शेड, तिच्या पाठीला इंधनाच्या टाक्या, पुढे उड्डाणाचा चौथरा, शेजारी कंट्रोल रूम, आणि कँटीन अशा ठिकाणी की चहा गार व्हायच्या आत कुठेही पोचावा. मालकांना तो इतका आवडला की त्यांनी मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला.

मग कंपनीने सुरक्षेसाठी एक प्रमुख नेमली. खताच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेली, बुटकी, आणि आवाज मात्र तीन खोल्या पलीकडे जाणारा. घरी तिला चिंगी म्हणत. वहिनींच्या नवऱ्याची ती धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी ती भिंतीवरच्या आराखड्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, हे तू काढलंयस? अगं, एक टाकी पेटली तर कँटीनसकट सगळे वर जातील."

हसू सगळ्यांना आलं, वहिनी सोडून. आणि दुपारपर्यंत शिपायापासून मालकांपर्यंत त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या.

चिंगीने त्यांच्याच घराची वरची खोली घेतली होती, त्यामुळे संध्याकाळी जेवायला पुन्हा समोरासमोर. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची समजूत काढून तो घरी यायचा, आता या दोघींची काढू लागला. त्याने तह घडवून आणला. ऑफिस उंबऱ्याबाहेर ठेवायचं. तिथे एकमेकींना 'तुम्ही' म्हणायचं, घरी 'तू'. आणि चिंगी हे नाव ऑफिसात चुकूनही तोंडातून काढायचं नाही.

तह झाला, पण आराखड्याची धडगत राहिली नाही. चिंगी कंपास घेऊन बसायची आणि लाल पेन्सिलीने वर्तुळं काढायची. इंधनाभोवती एक, ऑक्सिजनच्या टाकीभोवती एक, चौथऱ्याभोवती सगळ्यांत मोठं. वर्तुळात जे सापडेल त्याने बाहेर जायचं. इंधन एका टोकाला गेलं, ऑक्सिजन दुसऱ्या. कंट्रोल रूम टेकाडामागे गेली आणि तिच्या खिडक्याही गेल्या. पाहुण्यांसाठी मालकांनी हौसेने मागितलेला सज्जा तर कागदाबाहेरच पडला. एवढं होतंय तोवर पर्यावरण खात्याच्या बाई पाहणीला आल्या. चौथऱ्यासाठी धरलेल्या खडकांवर समुद्रपक्षी अंडी घालतात, असं त्यांनी दाखवून दिलं. चौथरा मागे सरकला, त्याच्याबरोबर त्याचं वर्तुळही सरकलं, आणि जे जेमतेम बाहेर बसवलं होतं ते पुन्हा आत आलं.

वहिनींच्या नाकी नऊ आले. राहत्या घरातून रोज कुणीतरी एक खोली उचलून न्यावी तसं त्यांना वाटे. शेवटी कँटीनची पाळी आली. चिंगीने ते फाटकापाशी ढकललं, तेव्हा भर बैठकीत वहिनींच्या तोंडून निसटलं, "चिंगी, माणसांनी जेवायचं की नाही?"

मालकांनी मिशीत हसून खिडकीबाहेर पाहिलं. संध्याकाळी चिंगी जेवायला खाली आली नाही. वहिनी ताट घेऊन वर गेल्या. चिंगी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. खताच्या कारखान्यात, तिने सांगितलं, जेवायची खोली गोदामाला लागून होती. सोयीचं होतं म्हणून. तिथे आग लागली तेव्हा नेमकी कारखान्याला सुट्टी होती, कुणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती जळालेली बाकं तिने पाहिली होती.

"मी तुझं मोडायला नाही आले गं," ती म्हणाली.

वहिनींनी ताट तिच्या हातात दिलं आणि तिचं होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. सकाळी त्यांनी आपल्या हाताने कँटीन फाटकापाशी नेलं, आणि दिवसभर तिथे ये-जा करायला एक छोटी बस आराखड्यात धरली. त्या बसवर चिंगीने हरकत घेतली नाही.

सगळं जागेवर बसतंय असं वाटत होतं, तेवढ्यात रॉकेटच वाढलं. इंजिनिअरांनी वर आणखी एक टप्पा चढवला होता, आणि मालक ती बातमी घरात पोर झाल्यासारखी सांगत फिरत होते. रॉकेट शेडमध्ये आडवं जुळवून लांब ट्रेलरवरून चौथऱ्यापर्यंत न्यायचं होतं. रस्त्यात ऑक्सिजनच्या टाकीपाशी एक वळण होतं. वहिनींचं म्हणणं, कॉम्प्युटरवर ट्रेलर वळतो. चिंगीचं म्हणणं, जेमतेम वळतो, आणि जेमतेम हा शब्द आपल्याला चालत नाही. वाद घरापर्यंत आला, तह मोडून स्वयंपाकघरात शिरला. भाजी चिरता चिरता नवरा कंटाळला.

"दोघींचे चष्म्याचे नंबर वेगळे आहेत," तो म्हणाला. "जाऊन बघा की प्रत्यक्ष."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं माळावर गेली. वायरिंगच्या नळ्या एकात एक खुपसून त्यांनी नव्या रॉकेटएवढी लांबी केली. रस्त्याच्या खुणांचे दगड होतेच. चिंगीने पुढचं टोक धरलं, म्हणजे ती ट्रेलरची पुढची चाकं. वहिनी मागची चाकं. नळी मधे लवते म्हणून नवऱ्याने ती मधोमध खांद्यावर घेतली. ठरलं एवढंच, की टोकाच्या दोघींनी रस्ता सोडायचा नाही आणि मधल्याने नळी नेईल तिकडे जायचं.

सरळ रस्त्यावर झकास चाललं. वळण आलं, चिंगी वळली, वहिनी मागून रस्ता धरून चालत राहिल्या, आणि मधला बिचारा कडेला, दगडांपलीकडे, काटेरी झुडपात सरकत गेला.

"मी कुठे आलो?" त्याने विचारलं.

वहिनींनी खुणा पाहिल्या. तो ऑक्सिजनच्या टाकीच्या होणाऱ्या कुंपणाच्या बरोबर आत उभा होता. त्यांना आधी राग आला, मग हसू फुटलं, आणि नळीचं टोक हातातून सुटलं. चिंगी खाली बसून हसत होती. नवरा काटे काढत म्हणाला की आता ठरवा काय ते, पुन्हा एकदा चालायची आपली तयारी नाही.

हसता हसता वहिनी शेडच्या जागेकडे बघत होत्या. शेड त्यांनी पहिल्या दिवशी समुद्राकडे तोंड करून काढली होती, दिसायला छान म्हणून. नंतर सगळं हललं, पण शेडचं तोंड तेच राहिलं होतं. त्यांनी हातानेच ती हवेत फिरवून पाहिली. दार चौथऱ्याकडे केलं तर वळणच उरत नव्हतं. रस्ता सरळ. फक्त तो इंधनाच्या लाल वर्तुळातून जात होता. त्यांनी ते चिंगीला सांगितलं आणि नकाराची वाट पाहू लागल्या.

चिंगी उठली. इंधनाच्या जागेपर्यंत चालत गेली, थोडा वेळ तिथेच फिरली आणि परत आली.

"एक मोठी टाकी नको," ती म्हणाली. "दोन लहान कर. लांब लांब, मधे मातीचा जाड बांध. मग माझं वर्तुळ लहान होतं. रस्ता बाहेर राहील."

"तू वर्तुळ लहान करतेस?"

"मी नाही. टाक्या लहान झाल्या की ते आपोआप होतं," चिंगी म्हणाली, पण तिला बरं वाटलेलं लपत नव्हतं.

तो आराखडा दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून काढला. नवऱ्याला त्या आठवड्यात मांडीवर ताट घेऊन जेवावं लागलं. वहिनींना पहिल्या आराखड्याची आठवण झाली, पण तो परत हवासा वाटला नाही. नवीन आराखडा दिसायला विस्कटलेलाच होता. मात्र त्यातली प्रत्येक गोष्ट तिथेच का आहे ते त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. मालकांनी खर्चावरून थोडी कुरकुर केली आणि सही केली.

पुढे मंजुऱ्या आल्या आणि एका मोकळ्या, उन्हाच्या सकाळी गवंड्यांनी माळावर चुन्याची फक्की मारली. पांढऱ्या रेघांनी जमिनीवर खोल्या उमटल्या. वहिनी शेडच्या दारातून आत गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि दाराबाहेर पाहिलं. समोर थेट चौथऱ्यापर्यंत मोकळी वाट होती. बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या. वाऱ्याने पदर उडत होता, आणि घरी जायची अजिबात घाई वाटत नव्हती.

मालक आले ते टेकाडामागच्या कंट्रोल रूमपाशी. चिंगी तिथे आधीच आत उभी होती. तिच्याशी बोलायला ते रेघ ओलांडून सरळ चालत निघाले.

"ती भिंत आहे," चिंगी म्हणाली.

मालक थबकले. खाली पाहिलं, दोन पावलं मागे गेले, वळसा घालून दारापाशी आले आणि बूट झटकून आत शिरले.