कोंडलेला महादेव

श्रावण सरत आला तरी वैजापूरकडच्या त्या गावात ढेकूळ भिजलं नव्हतं. अशात बातमी आली, की औरंगाबादला चिकलठाण्याच्या विमानतळावर पाऊस पाडायचं विमान उतरलंय. ते ढगांत मीठ फवारणार आणि मराठवाडा भिजवणार. सरपंच काकासाहेबांना हे पटलं, पण अर्धंच.

"इमान वरून जोर लावंल, आपून खालून लावू," ते पारावर म्हणाले. "महादेव कोंडू!"

महादेव कोंडायचा म्हणजे गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी बाहेर जायचं गोमुख बुजवायचं आणि पिंड बुडेस्तोवर गाभारा भरायचा. देवाचा जीव गुदमरला की तो झक मारत पाऊस धाडतो, असा हिशेब. पाऊस पडेपर्यंत गोमुखाला कुणी हात लावायचा नाही. ते बुजवायचा मान धनगरवाड्यातल्या मुंजाबाच्या घराण्याचा. त्यानं ठेवणीतला फेटा बांधून मान घेतला. त्याची बायको मंजुळाबाई लांबून बघत राहिली.

विहिरी आटलेल्या, तेव्हा पाणी टँकरचं. अख्खा टँकर देवाला गेला. माणसांनी रांजणातल्यावर भागवायचं ठरलं. मेंढरांचं कुणी नावही काढलं नाही. मेंढरांना मत नसतं, मग त्यांचं नाव कोण काढणार?

दुसऱ्या दिवशी टँकर वाटेतच बंद पडला. तिसऱ्या दिवशी दोन कोकरं मेली.

"आवं, गोमुख खोला," मंजुळाबाई म्हणाली.

"येडी का काय तू? गाव वाळीत टाकंल. आज इमान येनार हाय. आजचा दिस कड काढ."

"मेंढरं नाय काढनार."

मुंजाबा उठून पारावर गेला. तिथं सगळं गाव माना वर करून बसलं होतं. आभाळात चार ढग होते आणि त्या चार ढगांवर सगळ्यांची भिस्त होती.

मंजुळाबाई खुरपं घेऊन उठली. देवाला ती भीत होती, गावाला त्याहून जास्त. तरी तिनं मेंढरं देवळामागं वळवली, खुरप्यानं गोमुखातला चिखल उकरला आणि आतली चिंधी ओढली. पाणी भसाभसा बाहेर आलं. मेंढरं एकमेकांवर चढली.

मेंढरांची ओरड ऐकून गाव धावलं. त्याच वेळी विमान घरघरत डोक्यावरून गेलं, आणि काकासाहेबांचा पारा चढला.

"ऐन टायमाला घात केला बाईनं! मुंजाबा, बायकूला आवर. बुजव ते!"

मुंजाबानं खाली बसून दोन्ही हातांत चिखल घेतला. मंजुळाबाई बाजूला झाली. नवऱ्याशी आणि गावाशी एकदम भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तेवढ्यात मुंजाबाला कळपाची म्होरकी मेंढी दिसली. ती वाटेतच पडली होती. पाण्याचा वास येऊनही तिला उठवत नव्हतं.

मुंजाबानं चिखल टाकला. डोक्यावरचा फेटा सोडून गोमुखाखाली भिजवला आणि सगळ्या गावादेखत मेंढीच्या तोंडात पिळला. एकदा पिळला, परत भिजवून आणला, परत पिळला. मेंढीनं जीभ हलवली.

"आरं, मानाचा फेटा तो!" कुणीतरी म्हणालं.

"व्हय," मुंजाबा म्हणाला आणि तिसऱ्यांदा भिजवायला गेला.

काकासाहेबांची आई, सरूबाई, काठी टेकत पुढं आली. आता शिव्या पडणार म्हणून मंजुळाबाईनं मान खाली घातली. म्हातारीनं लेकाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मंजुळे, सगळं सांडू नको गं," ती म्हणाली. "मपल्या गायीला बी आनते."

पाऊस त्या दिवशी पडला, पण वेरूळच्या अंगाला. आपल्या वाट्याचा पाऊस मंजुळाबाईनं घालवला, असं गाव पुढं कितीतरी दिवस म्हणत राहिलं. तिला ते लागायचं, खोटं कशाला सांगा? मुंजाबाचा मान तर गेलाच, पुढच्या खेपेला गोमुख बुजवायला दुसराच माणूस बोलावला. म्होरकी मेंढी मात्र दिवाळीपर्यंत व्याली, आणि तिचं कोकरू मुंजाबा आपल्या हातानं पाजायचा.