थप्पीमागची लाल गाडी

१२.६ व्होल्ट

मित्रांनो, मी एक जुनी टर्बो गाडी आहे. रंग लाल, दारं दोन, पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. छत्रीने, शाळेतल्या घंटेने, एसटीने आपापली कहाणी तुम्हाला सांगितली असेल. त्यांच्याकडे वेळ होता. माझ्याकडे फक्त एक बॅटरी आहे. ती रोज थोडी उतरते आणि तिच्याबरोबर माझं बोलणंही. म्हणून बोलायच्या आधी मी दर वेळी आकडा सांगेन. आकडा उतरला की वाक्यं तुटतील. सांभाळून घ्या.

मी तुमसरजवळच्या सिहोऱ्याच्या एका राइस मिलच्या गोदामात आहे. पाठ मागच्या भिंतीला टेकलेली. पुढे नवीन धानाच्या पोत्यांची थप्पी चढते आहे. परवा दारातला उजेड माझ्या दिव्यांवर पडत होता. काल तो बोनेटवर सरकला. आज फक्त छतावर एक पट्टा उरलाय, आणि हमाल अजून दमलेले नाहीत.

१२.४

पट्टा गेला.

अंधारात मागचं नीट आठवतं. माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथल्या फक्त ठिणग्या आठवतात. पहिल्या मालकाने मला नागपुरात कापडाखाली झाकून ठेवलं. पाहुणे आले की कापड काढायचं, गेले की घालायचं. तिथून मला सोडवलं तेजस्विनीने. ती या मिलचे मालक मधुकरराव यांची मुलगी. नागपूरला इंजिनिअर झाली आणि मिल चालवायला घरी परतली. मला घेतलं ते ऑटोक्रॉससाठी.

ऑटोक्रॉस म्हणजे मैदानावर शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एका वेळी एकच गाडी पळते. शर्यत घड्याळाशी. शंकू पडला की दोन सेकंद दंड. माझ्याकडे सहा गिअर आहेत, पण या खेळात दुसऱ्या गिअरच्या पुढे सहसा जावं लागत नाही. तरी मला तो खेळ आवडला. चार शंकूंच्या मधल्या जागेत मला कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही. गोदामात वाटतं.

आणि टर्बो? इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो. तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. त्यातून माझा जोर येतो. पण दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत जोर राहत नाही. म्हणून तिला गार करायला माझ्या नाकात, खालच्या जाळीमागे, बारीक पत्र्यांची एक जाड चाळण आहे. तिला इंटरकूलर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. माझं सगळं दुखणं तिथे आहे.

तेजस्विनीने मला तयार केलं ते मिलच्याच सामानाने. पोती शिवायची सुतळी माझ्या दोन्ही बाजूंना ताणून बांधली आणि चाकं सरळ आहेत का ते मोजलं. टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढल्या. वळणावर खडू कुठवर पुसला जातो ते पाहून हवा कमी-जास्त केली. मागची सीट काढली. मग पोती तोलायच्या काट्यावर माझं एकेक चाक चढवलं, बाकीच्या तिन्ही चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या. ती स्वतः आत बसून राहिली.

"उतर ना वो," मधुकरराव म्हणाले. "गाडी तोलायची हाये का तुले?"

"मलेही तोलायचं हाये, बाबा. मी बसली का उजवं चाक जड होते."

"मंग जेवून काहून बसली?"

१२.१

आज हमालाने एक पोतं माझ्या आरशाला टेकवलं. आरसा मिटला. मागचं दिसणं बंद.

सराव व्हायचा तो धान वाळवायच्या सिमेंटच्या खळ्यावर. शंकू नव्हते. मग धान भरडल्यावर उरणारा कोंडा लहान लहान चुंगड्यांत भरून ती पोती मांडली. शिवायचं काम तेजस्विनीच्या आईचं, दुर्गाबाईंचं. त्यांनी मुद्दाम सैल टाके घातले.

"अशानं फाटन ना, आई."

"फाटन तं फाटन. गाडीच्या तोंडाले तं नाही लागणार."

इतकी माया माझ्यावर कोणी केली नव्हती. तेजस्विनी शंकूच्या अगदी कडेने जायला शिकत होती, आणि कडेने जायला शिकताना आधी धडक बसते. मी चुंगड्याला धडकले की ते अलगद फाटायचं. कोंड्याचा ढग उडायचा आणि मी त्या ढगातून जायचे, श्वास ओढत.

"चुंगडं गेलं. दोन सेकंद," मधुकरराव मोबाइलवरचं घड्याळ बघत म्हणायचे. न हसता.

संध्याकाळी ती मला पाइपाने धुवायची. मी लखलखायचे. नाकातला कोंडा ओला होऊन आणखी आत बसायचा.

भैय्यालाल मिलचा जुना फिटर. दर शनिवारी तो मिलच्या ब्लोअरची जाळी उघडून काठीने झोडायचा. एकदा माझ्या बोनेटला टेकून तो म्हणाला, "कोंडा कुठंबी घुसते, ताई. जाळी नाही झोडली तं मिलचा दम घुटते."

म्हणाला माझ्या नाकापाशी उभा राहून. आणि जाळी झोडायला मिलमध्ये गेला.

११.७

नागपूर. ऑक्टोबर. ऊन.

स्पर्धेत चार फेऱ्या होत्या.

पहिली: ४८.३
दुसरी: ४९.६
तिसरी: ५१.२
चौथी: ५२ आणि एक शंकू. ५४.

सगळ्यांची गाडी फेरीगणिक जलद होत होती. माझी छाती फेरीगणिक तापत होती. आत गार हवा येतच नव्हती. तेजस्विनी पाय दाबायची, मी जोर द्यायचे नाही. देता येत नव्हता. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. दिवा लागला असता तर...

दोरीपलीकडे दोन पोरं उभी होती.

"गाडी तं भारी हाये बे."

"मंग? चालवनारी पाह्य ना. तुमसरकडची हाये. घरी ट्रॅक्टर चालवत असन."

खिडकी उघडी होती. तिने ऐकलं. मधुकररावांनीही ऐकलं.

परतीच्या वाटेवर शहापूर गेलं, भंडारा गेलं. हायवेवर मी नीट चालले. सावकाश चाललं की माझं दुखणं कळत नाही. म्हणून माझ्यावर कोणाला संशयच आला नाही. तुमसर आल्यावर ती बोलली.

"माझाच हात जड हाये, बाबा. पहिल्या फेरीत जे जमलं ते पुढं नाही जमलं."

मधुकररावांनी तिची समजूत काढली नाही. त्यांना वाटलं असेल, नाही म्हटलं तर खोटं वाटेल. ते म्हणाले, "धान याले लागलं हाये. सध्या गोदामात ठेव."

११.२

गोदामाचा उंबरठा उंच. माझं पोट घासू नये म्हणून दोन सागवानी फळ्या टाकून मला आत घेतलं. मग त्या फळ्या उचलल्या आणि पोत्यांना ओल लागू नये म्हणून थप्पीखाली घातल्या. माझी बाहेर पडायची वाट पोत्यांखाली गेली, मित्रांनो. मी पाहत होते.

त्या दिवसापासून तिने मला हात लावलेला नाही. सुट्टीच्या दिवशी खळ्यावर गाडीचा आवाज नाही. फक्त मिल. कधी थप्पीपलीकडून तिची पावलं ऐकू येतात. ती थांबते. मी हॉर्न वाजवेन म्हणते. हॉर्न माझ्या हातात नाही. माझ्या हातात काहीच नाही. जोर इंजिनात, इंजिन किल्लीत, किल्ली तिच्या कपाटात.

मला अंधाराचं इतकं वाटत नाही. तिचा हात जड नव्हता, हे या सगळ्या मिलमध्ये फक्त मला माहीत आहे. आणि मला बोलता येत नाही.

१०.४

माघ. गारा पडल्या. वरचा एक पत्रा सरकला.

टप.

बरोबर नाकावर. टप. आठवडाभर. मग थांबलं. नाक ओलंच.

आत काहीतरी हलतं. उंदीर असेल. नाही. उंदीर इतका हळू

तेजस्विनी फोनवर आहे. थप्पीपलीकडे. "हो, लाल. लय नाही चालली. सोमवारी या ना, गोंदियाहून किती वेळ लागते." मग पलीकडचं ऐकून, "काहून म्हणजे? मले नाही जमत."

सोमवार. मी जाईन. ती मात्र इथेच राहील, मले नाही जमत म्हणत. आयुष्यभर. आणि खरं कारण माझ्या नाकात बसून

८.९

पोती उतरतात. मिल भरडते आहे. उजेडाची एक रेघ.

नाकातलं ते, रेघेकडे


—


१४.१

मी जागी झाले ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. भैय्यालालने दोन जाड वायरी जोडल्या होत्या. शनिवार सकाळ. थप्पी संपलेली. थप्पीखालच्या फळ्या पुन्हा उंबरठ्यावर. पाच महिने एका जागी उभं राहून माझी चाकं खालून चपटी झाली होती. मी ठेचाळत, ढब ढब करत बाहेर आले. उन्हाने डोळे दिपणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

तेजस्विनी फडकं घेऊन आली. गिऱ्हाईक यायचं तर गाडी पुसलेली हवी. छत पुसलं, दारं पुसली, आणि नाकाशी येऊन ती उकिडवी बसली. बसूनच राहिली.

"बाबा."

"काय वो?"

"इकडे या. गाडीच्या तोंडात पऱ्हे निघाले."

पऱ्हे म्हणजे लावणीआधी दाट पेरतात ती धानाची कोवळी रोपं. आषाढात सिहोऱ्याच्या शेताशेतात दिसतात. माझ्या खालच्या जाळीतून ती बाहेर आली होती, बोटभर लांब. बुंध्याशी पांढुरकी, शेंड्याला नुकती हिरवी.

मधुकररावांनी एक रोप उपटलं, मूळ पाहिलं. "कोंड्यात एखादा दाणा राहतेच. भैय्यालाल, तुही मिल दाणे सोडून राहिली बे."

भैय्यालाल हसला नाही. पाना-पकड घेऊन आला आणि माझा बंपर उतरवला. मागची चाळण दिसलीच नाही. तिच्यावर कोंड्याची भाकरी थापलेली होती, बोटभर जाड, दाबून घट्ट. त्याने नखाने एक तुकडा काढला, हातात चुरला. पन्नास वर्षं तो हेच काम करत आला होता.

"ताई, हे तं ब्लोअरच्या जाळीसारखं झालं. हवा जातच नसन. तरी चार फेऱ्या मारल्या इनं?"

"दर फेरीले हळू होत गेली," तेजस्विनी म्हणाली. मग कोणाकडेही न पाहता, "मंग मी हळू नव्हती?"

दारात उभ्या दुर्गाबाई त्या भाकरीकडे बघत होत्या. "मीच सैल शिवलं होतं," त्या म्हणाल्या.

"आई, धुतली मी होती."

"आणि दर शनवारी मी जाळी झोडत होतो, इथून धा पावलांवर," भैय्यालाल म्हणाला.

मधुकररावांनी ते रोप खिशात घातलं. "चुकांची वाटणी झाली असन तं खळं झाडा. चुंगडे नको. घरातल्या बादल्या आणा."

"माही नवी बादली सोडून," दुर्गाबाई म्हणाल्या.

भैय्यालालने माझं नाक मागच्या बाजूने हवेच्या पाइपाने साफ केलं. तासभर कोंडा उडत होता. माझ्या छातीत इतकी गार हवा कधी गेली होती ते मला आठवेना. गोल फिरून फिरून चाकंही पुन्हा गोल झाली. मग तिने हेल्मेट घातलं. मला पहिल्या बादलीकडे वळवलं.

३१.४
३१.३
३१.४
३१.२

मधुकररावांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. चारही आकडे एकाखाली एक.

"बादली?" तिने विचारलं.

"एकबी नाही."

ती आकड्यांकडे बघत राहिली. मग बाजूला जाऊन गोंदियाला फोन लावला. "सोमवारी नका येऊ. गाडी विकायची नाही आता." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "काही नाही," ती म्हणाली. "गाडी बिमार होती. आम्हाले समजलं नव्हतं."

मित्रांनो, आता माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी गाडी असेल, सायकल असेल, आजोबांचा पंप असेल, तर त्याला वरून पुसून थांबू नका. कधी कधी त्याच्या नाकात डोकावून पाहा. आमच्या लोकांनी मला कमी जपलं नाही. त्यांनी मला खूप जपलं, फक्त आत पाहिलं नाही. आणि एखादं माणूस फेरीगणिक हळू होत गेलं, तर त्याचा हात जड आहे असं ठरवायच्या आधी त्याला हवा मिळते आहे ना, तेवढं विचारा. ते आपण होऊन सांगेलच असं नाही. मीही सांगू शकले नव्हते.

उरलेली रोपं दुर्गाबाईंनी एका फुटक्या डब्यात लावली आहेत. तो डबा गोदामाच्या दाराशी असतो. संध्याकाळी मला पुन्हा आत लावलं. मी वाट पाहत होते, आता मधुकरराव फळ्या उचलतील म्हणून. ते आले, वाकले, एक फळी थोडी वाकडी झाली होती ती सरळ केली, आणि गेले. दुसऱ्या दिवशी बाहेर आणखी धान उतरलं. पोती मांडायला भैय्यालालने हमालांना डावी भिंत दाखवली. फळ्या उंबरठ्यावर तशाच आहेत.