तीन थेंब तेल

मित्रांनो, ट्रक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर महामार्गावरचा मालट्रक येत असेल. मी तसला नाही. मी हातभर लांबीचा, रिमोटवर धावणारा शर्यतीचा ट्रक आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. खडबडीत मातीवर पळायचं, उंचवट्यावरून उडायचं आणि चारही चाकांवर उतरायचं, एवढंच माझं काम. राहतो सिंगापुरात, यिशुनच्या एका फ्लॅटमध्ये. स्वभावाने मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्याला कारण आहे. बॅटरी लावली की मला दिसतं, ऐकू येतं. बॅटरी काढली की सगळा अंधार. पुन्हा जाग येते तेव्हा एखादं चाक बदललेलं असतं, एखादी स्प्रिंग आवळलेली असते. हे कुणी केलं, का केलं, ते मला कुणी सांगत नाही. तुम्ही रोज असे उठलात तर तुम्हीही माझ्यासारखेच व्हाल.

त्यामुळे माझ्या जन्माची हकीकतसुद्धा ऐकीवच आहे. माझी मालकीण प्रणिता तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मी तिच्या घरी आलो तो सुटा सुटा, पिशव्या-पिशव्यांतून. पाच शनिवार-रविवार तिने जेवणाच्या टेबलावर मला जोडलं म्हणे. शॉकमध्ये, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमध्ये, तेल भरलं आणि त्यातले बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत ती हातावर हात ठेवून बसून राहिली. मोटरचा गिअर आणि मोठा गिअर यांच्यात कागदाची पट्टी धरून नेमकं अंतर ठेवलं. माझी पारदर्शक बॉडी आतून पिवळी रंगवली. सगळं झाल्यावर पिशवीत दोन स्क्रू उरले. ते जास्तीचे दिले असतात, असं ती सगळ्यांना सांगते. माझा त्यावर आजही विश्वास नाही.

एक भाग मात्र तुम्हाला नीट समजून घ्यावा लागेल, तो म्हणजे क्लच. माझ्या पोटात दोन चकत्या एकमेकींना घट्ट धरून असतात आणि मोटरचा जोर चाकांपर्यंत नेतात. उडीनंतर मी जमिनीवर आदळलो की त्या क्षणभर घसरतात, म्हणून गिअरचे दात वाचतात. या चकत्या कोरड्याच हव्यात. जोडणीच्या पुस्तकात त्या जागी लाल अक्षरांत लिहिलं आहे, 'इथे तेल नको.'

तुआसकडे एका मोकळ्या जागेत रिमोटच्या गाड्यांच्या एका क्लबने मातीचा ट्रॅक केला होता. दर रविवारी आम्ही तिथे जायचो. तिथे प्रणिताला अश्विन भेटला. मूळचा मुंबईचा, बँकेत काम करणारा, ईस्ट कोस्टला राहणारा. मला जुळवायला त्यानेच तिला शिकवलं. पुढची चाकं किती आत झुकवायची, माती ओली असेल तर कुठले टायर, पोट जमिनीपासून किती वर, हे सगळं त्याचं. त्याचा स्वतःचा ट्रकही त्याच शर्यतीत धावायचा. आता सांगा, जो आपल्याला हरवू शकतो त्याला कुणी एवढं मनापासून शिकवतं का? मला तो पहिल्यापासून खटकत होता. प्रणिताला मात्र त्याच्याइतका जवळचा माणूस या शहरात दुसरा नव्हता. ताप आला की पेज घेऊन यायचा तोच.

दोन वर्षांत आम्ही तीन वेळा पहिले आलो. लोक माझे फोटो काढायचे. मग त्या ऑक्टोबरमध्ये पुण्याहून प्रणिताचे बाबा आले.

पद्माकरकाका पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर होते. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी बॅटरी लावलेली होती, म्हणून त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

"प्रणू, एवढी इंजिनिअर झालीस आणि खेळणी खेळतेस?"

ती हसली, पण तिच्या हातातला रिमोट खाली गेला. ते तिला लागलं होतं. तिच्या प्रत्येक परीक्षेच्या निकालाआधी तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं असणार, असं मला तेव्हा वाटलं. येत्या रविवारी वर्षातली शेवटची मोठी शर्यत होती आणि बाबा ती पाहायला येणार होते. जिंकणं तिला एवढ्यासाठीच हवं होतं.

गुरुवारी अश्विन मला त्याच्या घरी घेऊन गेला. चाकांचे कोन मोजायची पाटी त्याच्याकडे होती. शुक्रवारी संध्याकाळी त्याने माझं स्टिअरिंग सरळ केलं, मान हलवली, आज रात्रीच मला घरी पोचवतो असं प्रणिताला फोनवर सांगितलं आणि बॅटरी काढली. अंधार.

डोळे उघडले ते थेट रविवारी, ट्रॅकवर. माझ्या टपावर कुंकवाचं बोट होतं आणि बंपरमध्ये झेंडूची पाकळी अडकली होती. खंडेनवमी होऊन गेली, एवढं कळलं. काका अश्विनला सांगत होते, "अहो, मी काल याची पूजा केली. प्रणू ऑफिसात होती, मीच केली. नीट बघितलं, काय गिअर बसवलेत पोरीने. हे खेळणं नाही, यंत्र आहे."

मला बरं वाटलं. हार घालणाऱ्या माणसाचा संशय मीही घेत नाही.

शर्यत सुरू झाली आणि माझे हाल सुरू झाले. मोटर किंचाळत होती, पण चाकांपर्यंत जोर पोचेचना. पहिल्या उंचवट्यावरून मी उडालोच नाही, नुसता घरंगळलो. दुसऱ्या फेरीत लहान मुलांचे ट्रक मला मागे टाकून गेले. मी शेवटचा आलो. प्रणिता चालकांच्या मंचावरून उतरत होती तेवढ्यात अश्विनने मला उचललं, गिअरवरच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि आत नाक घालून वास घेतला. मग त्याने काकांकडे पाहिलं. काका थर्मास घेऊन उभे होते. अश्विनने घाईघाईने झाकण लावून टाकलं.

मित्रांनो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मी मनाशी म्हटलं.

प्रणितानेही तेच पाहिलं. "काय करतोयस?"

"काही नाही."

"शुक्रवारी तू याला काय केलं होतंस?"

अश्विनने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "क्लच थोडा सैल केला होता. माझंच चुकलं असेल. सॉरी, प्रणिता."

कबुली! मला आनंदच झाला. माझा संशय खरा ठरला होता. प्रणिताने सामान गोळा केलं आणि ती बाबांना घेऊन निघाली. काका वाटेत म्हणाले, "यंत्र आहे, कधी रुसतं."

त्यानंतर तिने मला जाळीच्या दाराच्या चपलांच्या कपाटात टाकलं, आणि रागाच्या भरात बॅटरी काढायची राहून गेली. त्यामुळे कपाटातले दिवस मला सगळे आठवतात. इथल्या दमट हवेत माझ्या बेअरिंगवर गंज चढला. फोन वाजायचा, अश्विनचं नाव दिसायचं, ती तो उलटा ठेवायची. काका पुण्याला परत गेले. घरात कुणी बोलणारं उरलं नाही. रात्रीचं जेवण ती उभ्याउभ्याच उरकायची. मी मात्र कपाटात बसून माझ्या हुशारीवर खूश होतो.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी तिने मला बाहेर काढलं. शेजारी फोन ठेवला होता. क्लबच्या ग्रुपवर टाकायचा निरोप तिने लिहून तयार ठेवला होता, आणि स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात वाचलाही. 'शर्यतीआधी माझ्या ट्रकमध्ये मुद्दाम बिघाड करण्यात आला. पुराव्याचा फोटो सोबत.' अश्विनचं नाव त्यात होतं. हा निरोप गेला असता तर त्याला पुन्हा कुणी ट्रॅकवर उभं केलं नसतं. फक्त सैल क्लचचा फोटो काढायचा बाकी होता.

तिने झाकण उघडलं आणि हात थांबला. क्लचच्या चकत्या तेलाने चकचकीत झाल्या होत्या. तिने बोटाला तेल लावून हुंगलं. मग झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही अशा जागी, कुंकवाचा अंगठा उमटलेला होता.

"बाबांच्या कारखान्यातल्या शर्टाचा वास," ती हळूच म्हणाली.

तिने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. काका चहा पीत होते.

"बाबा, खंडेनवमीला तुम्ही ट्रकला तेल दिलंत का?"

"मग! तीन थेंब. शिलाई मशीनचं, तुमच्या यिशुनच्याच दुकानातून आणलं. अगं, आत इतकं कोरडं ठेवलं होतंस. पूजा करायची आणि यंत्राला तेल द्यायचं नाही, असं कसं चालेल? आवाज मऊ आला ना?"

प्रणिता त्यांच्याकडे बघत राहिली. चौतीस वर्षं या माणसाने लेथला तेल दिल्याशिवाय नारळ फोडला नव्हता. ज्याला त्याने खेळणं म्हटलं होतं, त्याला त्याने त्या दिवशी लेथचा मान दिला होता.

"आला, बाबा," ती म्हणाली. "खूप मऊ आला."

फोन ठेवल्यावर ती रडली. मग तो निरोप पुसला आणि मला पिशवीत घालून ईस्ट कोस्टला निघाली. अश्विनने दार उघडलं, तेव्हा तिने झाकणाची आतली बाजू त्याच्यापुढे धरली.

"बघितलंस शेवटी," तो म्हणाला.

"तू का नाही बोललास? मी तुला चोर समजत होते, अश्विन."

"काका बाजूलाच उभे होते ना. दहा मिनिटांपूर्वी मला सांगत होते, हे यंत्र आहे म्हणून. त्यांच्या तेलामुळे तू हरलीस, हे त्यांच्यासमोर कसं सांगणार? नंतर सांगायचं होतं. तू फोनच घेत नव्हतीस."

"मला माफ कर," ती म्हणाली. तो तिला आत घेऊन गेला आणि दोघांनी माझ्या चकत्या बदलल्या.

मित्रांनो, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. पुरावा माझ्याच पोटात होता आणि मी तीन आठवडे बाहेर चोर शोधत होतो. म्हणून तुम्हाला विनवतो, काही बिनसलं तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी झाकण उघडून बघा. आणि एखादा गप्प बसला, तर तो कुणासाठी गप्प बसला हेही बघा. आमच्यासारख्या यंत्रांच्या चकत्या बदलता येतात. अश्विनसारखा माणूस गेला असता, तर तो कुठल्या दुकानातून आणला असता?

आता मी म्हातारा झालो. शर्यतीला नवा ट्रक जातो, मी फडताळावर असतो. पण दर खंडेनवमीला प्रणिता मला खाली उतरवते, बॅटरी लावते, हार घालते. अश्विनही येतो. पुण्याहून काका फोनवर बघत असतात आणि न चुकता विचारतात, "तेल दिलंस का ग?"

"देतेय, बाबा," ती म्हणते, आणि तीच छोटी बाटली माझ्यावर तीनदा वाकडी करते. अश्विन शेजारी अगदी गंभीर चेहऱ्याने उभा असतो. काका समाधानाने मान हलवतात. संशयी मी अजूनही आहे, पण बाटलीचं बूच उघडलेलंच नसतं, हे मी कधी कुणाला सांगणार नाही.